अंतराळवीर तरंगत नाहीत, पडत असतात

२०२५च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी एक भारतीय अंतराळात पोहोचला, म्हणून पुढचे दोन-अडीच आठवडे टीव्हीवर आणि मोबाइलवर तीच दृश्यं फिरत होती. यानात मोकळं सोडलेलं हंसाचं पिल्लू (खेळण्यातलं) हवेत गिरक्या घेतंय, पाण्याचा गोळा नुसता लटकतोय. पंतप्रधानांशी बोलताना तर शुक्लांनी सांगूनच टाकलं की पाय बांधून ठेवलेत, नाहीतर वर उडून जाईन.

घरात शाळकरी पोर असेल तर प्रश्न आलाच असणार: ही माणसं तरंगतात कशी? बहुतेक घरांत उत्तरही एकच दिलं गेलं असेल, ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं ना, म्हणून!’ बातम्यांमध्येही ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ हे शब्द सर्रास येतात. दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, तरी तो शिकून बाहेर पडलेली बरीच मोठी माणसं हेच उत्तर देतात.

उत्तर चुकलेलं आहे, आणि थोडंथोडकं नाही.

किती गुरुत्वाकर्षण आहे तिथे?

स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं. मुंबईहून पणजी सरळ रेषेत जवळपास तेवढीच लांब आहे. पृथ्वीची त्रिज्या, म्हणजे केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर, ६,३७० किलोमीटर. गुरुत्वाकर्षण मोजायचं ते केंद्रापासूनच्या अंतरावर. म्हणजे आपण केंद्रापासून ६,३७० वर आणि स्थानक ६,७७० वर. एवढ्याशा फरकाने पृथ्वीची ओढ कितीशी कमी होणार? गणित केलं तर तिथे जमिनीवरच्या ओढीच्या ८९ टक्के ओढ शिल्लक असते.

समजा कुणी ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधला आणि त्याच्या गच्चीवर वजनकाटा ठेवला. इथे ६० किलो भरणारा माणूस तिथे काट्यावर उभा राहिला तर काटा ५३ च्या आसपास दाखवेल. तो तरंगणार नाही. गच्चीच्या कठड्यावरून तोल गेला तर सरळ खाली जाईल. मग त्याच उंचीवरून जाणारे शुक्ला का तरंगतात?

कारण त्यांच्या पायाखाली मनोरा नाही. ते पडतायत, आणि त्यांच्याभोवतीचं अख्खं स्थानकही त्यांच्याबरोबरच पडतंय. ‘मग आदळत कसे नाहीत?’ हा पुढचा प्रश्न रास्त आहे. त्याच्याकडे जायच्या आधी पडणं म्हणजे काय ते नीट पाहायला हवं.

बल कशासाठी लागतं?

बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं. आपली रोजची समजूत अशी की वस्तू चालू ठेवायची तर बल लावत राहायला हवं. सायकलचं पायडल मारायचं थांबवलं की सायकल थांबते, यावरून ती समजूत पक्की होते. पण सायकल आपणहून थांबत नाही; तिला घर्षण थांबवतं. कॅरम बोर्डावर पावडर टाकली की तोच स्ट्रायकर त्याच टिचकीने कितीतरी लांब जातो. घर्षण शून्य करता आलं तर तो थांबणारच नाही, त्याच दिशेने त्याच वेगाने जात राहील. वस्तूच्या या हट्टाला जडत्व म्हणतात आणि न्यूटनचा पहिला नियम तो हाच. गती टिकवायला बल लागत नाही. गती बदलायला लागतं: वेग वाढवायचा, कमी करायचा किंवा दिशा वळवायची असेल तर.

या वाक्यातला ‘दिशा वळवायची’ हा भाग लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्याच्यावर उभा आहे.

दुसरा नियम गती किती बदलेल ते सांगतो. वेग दर सेकंदाला जितका बदलतो त्याला त्वरण म्हणतात. बल जास्त तर त्वरण जास्त. वस्तूत माल जास्त, म्हणजे वस्तुमान जास्त, तर त्वरण कमी. जमिनीजवळ पडणाऱ्या वस्तूचं त्वरण ९.८ असतं: दर सेकंदाला तिचा वेग सेकंदाला ९.८ मीटर इतका वाढत जातो.

कोणत्याही वस्तूचं? हो, कोणत्याही. इथे मुलं हमखास अडतात. दहा किलोच्या दगडाला पृथ्वी एक किलोच्या दगडापेक्षा दहापट जोराने ओढते, मग तो आधी पडायला नको का? पृथ्वी दहापट ओढते हे खरंच आहे. पण तो दगड हलवायलाही दहापट जड आहे, त्याचा हट्ट दहापट आहे. त्वरण काढायला बलाला वस्तुमानाने भागायचं, तेव्हा वरचे दहा आणि खालचे दहा कटतात, आणि दोन्ही दगड एकदमच जमिनीवर येतात. पीस मागे राहतं ते हवेमुळे. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस सोडलं. दोन्ही बरोबर खाली आली. त्याची चित्रफीत आजही पाहता येते आणि वर्गात दाखवण्यासारखी आहे.

हेच दृश्य एका बाजूने ‘हवा नाही म्हणून गुरुत्वाकर्षण नाही’ या समजुतीचाही निकाल लावतं. चंद्रावर हवा नाही, तरी हातोडा पडलाच. हवेचा आणि गुरुत्वाकर्षणाचा तसा संबंध नाही. संबंध असलाच तर उलटा: पृथ्वीची हवा पृथ्वीला चिकटून राहिली आहे ती गुरुत्वाकर्षणामुळे.

वजन जाणवतं म्हणजे नेमकं काय जाणवतं?

खुर्चीत बसून हे वाचत असाल तर पृथ्वीची ओढ तुम्हाला जाणवत नाहीये. जाणवतोय तो खुर्चीचा वरच्या दिशेने लागणारा रेटा. पृथ्वी खाली ओढते, खुर्ची वर रेटते, आणि या दोघांच्या मध्ये शरीर थोडं दाबलं जातं. त्या दाबाला आपण वजन समजतो. वजनकाटाही तेच मोजतो: त्याच्यावर किती दाब पडला आणि उलट त्याला किती रेटावं लागलं.

आता खुर्ची काढून घेतली तर? (मित्राची खुर्ची मागून ओढण्याचा हा प्रयोग कृपया करू नका.) पडण्याच्या त्या क्षणात पृथ्वीची ओढ तितकीच असते, पण रेटा शून्य. वस्तूवर फक्त गुरुत्वाकर्षण काम करत असेल, बाकी कुणाचाही आधार किंवा अडथळा नसेल, तर त्या अवस्थेला मुक्तपतन म्हणतात. मुक्तपतनात वजन जाणवत नाही. जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो तो याच कारणाने, फक्त तिथे रेटा पूर्ण जात नाही, कमी होतो.

यासाठी घरी करता येईल असा एक प्रयोग आहे, आणि माझ्या मते धड्यातल्या पाच सूत्रांपेक्षा तो जास्त शिकवतो. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घ्या. तळापासून दोन बोटं वर दाभणाने एक भोक पाडा. भोकावर बोट ठेवून बाटली भरा, झाकण लावू नका. बोट काढलं की भोकातून पाण्याची धार उडते. धार उडते कारण वरचं पाणी खालच्या पाण्यावर दाब देतं. आता खाली बादली किंवा टब ठेवून बाटली डोक्याच्या उंचीवरून नुसती सोडून द्या. अर्धा-पाऊण सेकंदच मिळेल, म्हणून शेजारी कुणाला तरी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा.

हात सुटला की धार बंद पडते. भोक तसंच आहे, पाणी तसंच आहे, पृथ्वीची ओढही तशीच आहे. पण वरचं पाणी आणि खालचं पाणी आता एकाच त्वरणाने खाली चाललंय, त्यामुळे वरच्याचा खालच्यावर दाबच पडत नाही. बाटलीच्या आत बसलेल्या एखाद्या मुंगीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ‘इथलं गुरुत्वाकर्षण गेलं.’

पुढची पायरी आणखी गमतीची. तीच बाटली अंगणात वर उडवा. हातातून सुटल्यापासून, म्हणजे अगदी वर जात असतानासुद्धा, धार बंदच राहते. मुलांना हे पटत नाही. वर जाणारी वस्तू ‘पडत’ कशी असेल? पण मुक्तपतनाला दिशेचं बंधन नाही. वर चाललेली बाटली दर सेकंदाला आपला वेग ९.८ ने गमावते, खाली येणारी तेवढाच कमावते. दोन्हीकडे त्वरण खालच्या दिशेलाच आहे आणि दोन्हीकडे कुणाचा आधार नाही. म्हणजे वस्तू वर जाते, खाली येते की आडवी जाते, याने काही फरक पडत नाही.

आडवी! इथून स्थानकापर्यंत एकच पाऊल उरलं.

आडवं पडणं

पाच मीटर उंचीवरून चेंडू सोडला तर तो साधारण एका सेकंदात जमिनीवर येतो. आता तो सोडण्याऐवजी आडवा फेकला, सेकंदाला दहा मीटर वेगाने. तरीही तो एका सेकंदातच खाली येईल, कारण आडव्या वेगामुळे खालची ओढ कमी-जास्त होत नाही. फरक इतकाच की तो दहा मीटर पुढे जाऊन पडेल. शंभर मीटर वेगाने फेकला तर शंभर मीटर पुढे. पडण्याचा वेळ तोच.

हे कुठवर चालेल? जमीन सपाट असती तर कायमच. पण पृथ्वी गोल आहे. तुम्ही एका जागेवरून अगदी सरळ आडवी रेषा आखत निघालात तर आठ किलोमीटरवर पोहोचेपर्यंत पृथ्वीचा पृष्ठभाग त्या रेषेच्या खाली पाच मीटर गेलेला असतो.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. एका सेकंदात वस्तू पाच मीटर पडते. आठ किलोमीटरमध्ये जमीन पाच मीटर खाली वळते. म्हणजे चेंडू सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने आडवा फेकला तर सेकंदभराने तो पाच मीटर पडलेला असेल आणि जमीनही पाच मीटर खाली गेलेली असेल. चेंडू पुन्हा जमिनीपासून पाच मीटरवरच! पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. तो अखंड पडतोय आणि जमीन अखंड त्याच्या खालून निसटतेय. वाटेत हवा आणि डोंगर नसते तर तो पृथ्वीला वळसा घालून फेकणाऱ्याच्या पाठीवर येऊन आदळला असता.

न्यूटनने हाच विचार उंच डोंगरावर ठेवलेल्या तोफेच्या रूपात मांडला होता. गोळा जितक्या जोरात सोडाल तितका लांब पडेल, आणि एका वेगानंतर तो पडतच राहील, पण जमिनीला लागणार नाही. त्या वेळी असं काही पाठवायचं साधन कुणाकडे नव्हतं. कागदावर मात्र उपग्रह सतराव्या शतकातच तयार झाला होता.

अंतराळ स्थानकाचे खरे आकडे बघा. वेग सेकंदाला सुमारे ७.६६ किलोमीटर. म्हणजे मुंबई ते पुणे हे सरळ अंतर पंधरा-सोळा सेकंदांत. तिथलं गुरुत्वाकर्षण थोडं कमी, म्हणून एका सेकंदात स्थानक ५ ऐवजी सुमारे ४.३ मीटर पडतं. आणि तेवढ्या वेळात ते जितकं पुढे गेलं तितक्या अंतरात त्याच्या वर्तुळाकार मार्गाचा वळणारा उतार किती? तोही ४.३ मीटर. हा योगायोग नाही. त्या उंचीवर वेग एवढाच ठेवला जातो तो यासाठीच. त्या वेगाने पृथ्वीला एक फेरी मारायला सुमारे ९३ मिनिटं लागतात, म्हणून तिथल्या माणसांना दिवसात सोळा-एक सूर्योदय दिसतात.

शुक्ला, त्यांचं पेन, पाण्याचा गोळा, भिंती, छत, सगळे एकाच वेगाने आडवे चाललेत आणि एकाच त्वरणाने पडतायत. कुणी कुणाला रेटत नाही. बाटलीतलं पाणी आणि ते, दोघांची अवस्था एकच. फक्त बाटलीला अर्धा सेकंद मिळतो आणि त्यांना आठवडेच्या आठवडे.

‘पण आम्हाला तर शिकवलं होतं की दोन बलं एकमेकांना रद्द करतात’

हा आक्षेप मुलांपेक्षा मोठ्यांकडून जास्त येतो. स्पष्टीकरण असं दिलं जातं: पृथ्वी उपग्रहाला आत ओढते, फिरण्यामुळे बाहेर ढकलणारं अपकेंद्री बल तयार होतं, दोन्ही समान, म्हणून उपग्रह तिथल्या तिथे राहतो. ऐकायला छान वाटतं. पण दोन बलं खरोखर एकमेकांना रद्द करत असती तर उपग्रहावर एकूण बल शून्य झालं असतं, आणि बल शून्य असलं की वस्तू काय करते? पहिला नियम आठवा. ती सरळ रेषेत जाते. उपग्रह पृथ्वीभोवती न फिरता सरळ निघून गेला असता.

गोफण फिरवताना पाहिली आहे का? जोंधळा दाण्यात आला की पाखरं हाकायला माळ्यावर उभं राहून फिरवतात ती. गोफणगुंडा डोक्याभोवती गरगर फिरतो कारण दोरी त्याला सतत आत, हाताकडे ओढते. ओढ फक्त आतल्या बाजूला आहे. गुंड्याची सरळ जायची तयारी आहे, दोरी त्याला दर क्षणी वळवते. फिरवणाऱ्याने दोरीचं एक टोक सोडलं की गुंडा कुठे जातो? त्याला बाहेर ढकलणारं बल असतं तर तो हातापासून थेट बाहेरच्या दिशेने उडाला असता. तसं होत नाही. सुटण्याच्या क्षणी त्याचं तोंड जिकडे होतं तिकडे, वर्तुळाला घासून जाणाऱ्या सरळ रेषेत तो जातो. नेम साधणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो पाखरं समोर असताना दोरी कडेला सोडतो.

स्थानकासाठी दोरीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. आत ओढून वर्तुळात वळवणाऱ्या बलाला पुस्तकात अभिकेंद्री बल म्हटलंय. ते गुरुत्वाकर्षणाहून वेगळं असं जादा बल नव्हे. इथे गुरुत्वाकर्षणच ती कामगिरी बजावतं. तेव्हा गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून स्थानक वर राहतं, हे म्हणणं पार उलटं आहे. गुरुत्वाकर्षण नसतं तर स्थानक केव्हाच निघून गेलं असतं.

मग बस वळताना आपण बाहेर फेकले जातो ते काय? आपण सरळच चाललेलो असतो. बस आपल्या खालून वळते. बसच्या आत बसून हिशेब मांडायचा ठरवलं तर अपकेंद्री बल हे सोयीचं साधन आहे आणि वरच्या वर्गांत ते रीतसर वापरतातही. पण रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याला ते कुठेच दिसत नाही. शाळेत या दोन जागांची सरमिसळ होते आणि गोंधळ आयुष्यभर राहतो.

‘एवढा वेग राखायला इंजिन लागत असेल ना?’

नाही. वेग राखायला बल लागत नाही, हे वर आलंच. इंजिन लागतं ते मुळात तो वेग मिळवताना. ४०० किलोमीटरवर हवा अगदी विरळ असली तरी पूर्ण संपलेली नसते. ती स्थानकाला किंचित मागे खेचते आणि स्थानक हळूहळू खाली उतरत जातं. म्हणून अधूनमधून इंजिनं थोडा वेळ चालवून ते पुन्हा वर उचलतात. हा देखभालीचा खर्च झाला, इतकंच.

मग रॉकेट वर का जातं?

श्रीहरिकोट्याहून उडणारं रॉकेट टीव्हीवर पाहिलं असेल. पहिले काही क्षण सरळ वर, आणि मग ते हळूहळू बंगालच्या उपसागराकडे कलायला लागतं. घरात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अरे, वाकडं चाललंय!’ वाकडं जाणं हेच त्याचं मुख्य काम आहे. सरळ वर जायचं ते दाट हवेतून लवकर बाहेर पडण्यापुरतं. बाकीची मेहनत आडव्या वेगासाठी.

मेहनतीचा हिशेबही करता येतो. एक किलो वस्तू ४०० किलोमीटर उंच नुसती उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जवळपास आठपट ऊर्जा त्याच वस्तूला तिथे टिकून राहण्याइतका आडवा वेग द्यायला लागते. उंची स्वस्त आहे, वेग महाग. पूर्वेकडेच का कलतं, तर पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरते आणि श्रीहरिकोट्यावर उभ्या असलेल्या रॉकेटला सेकंदाला साधारण ४५० मीटर वेग फुकटात मिळालेला असतो. तो सोडतो कोण?

अमेरिकेत ‘न्यू शेपर्ड’ हे यान काही वर्षं हौशी प्रवाशांना शंभर किलोमीटरच्या आसपास नेऊन आणत होतं. त्याला आडवा वेग जवळजवळ नसायचा. म्हणून इंजिन बंद झाल्यावर चार घटका, म्हणजे खरं तर तीन-चार मिनिटं, प्रवासी तरंगायचे आणि सुमारे दहा-अकरा मिनिटांत सगळे परत जमिनीवर असायचे. वर उडवलेली आपली बाटलीच ती, फक्त फार महागडी. इस्रोच्या गगनयानाची योजना वेगळी आहे: ४०० किलोमीटरच्या कक्षेत तीन दिवस राहायचं. कक्षा म्हणजे पृथ्वीभोवती फिरण्याचा मार्ग, आणि कक्षेत राहायचं म्हणजे तो आडवा वेग कमवावाच लागतो. दोन्हीला ‘अंतराळ प्रवास’ म्हणतात खरं, पण कष्टात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

चंद्राचं काय?

चंद्रही पडतोय. तो पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण ६० पट दूर आहे. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने कमी होतं: अंतर दुप्पट तर ओढ चौथाई, तिप्पट तर नववा हिस्सा. साठपट अंतरावर ३,६०० वा हिस्सा. इथे दगड एका सेकंदात पाच मीटर पडतो, त्याला ३,६०० ने भागा. चंद्र एका सेकंदात जेमतेम १.४ मिलिमीटर पडतो. आणि तेवढ्या वेळात तो सुमारे एक किलोमीटर आडवा जातो. त्याच्या मोठ्या वर्तुळाला तेवढं वळण पुरतं. झाडावरून पडणारं फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने चालतात, हे न्यूटनने याच हिशेबाने दाखवलं. १६८७ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथाचा गाभा तो.

स्थानक आणि चंद्र यांच्या मधे एक खास अंतर आहे: जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर. तिथे फेरी पूर्ण व्हायला जवळपास एक दिवस लागतो, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याइतकाच. विषुववृत्ताच्या वर तिथे ठेवलेला उपग्रह आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखा दिसतो. टीव्हीचे उपग्रह तिथलेच. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, म्हणून महाराष्ट्रातल्या कुठल्याही इमारतीच्या गच्चीवरच्या डिश पाहा, सगळ्यांची तोंडं दक्षिणेच्या बाजूला. हे उपग्रहही ‘स्थिर’ नाहीत, सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने चाललेले आहेत आणि पडत आहेत.

वजन नाही, तरी वस्तुमान आहे

स्थानकात वजनकाटा निरुपयोगी. त्याच्यावर उभं राहायला गेलात तर काटाही तुमच्याबरोबर तरंगेल. पण डॉक्टरांना तर अंतराळवीरांची तब्येत बघायची असते. माणूस बारीक झाला की जाड, कसं कळणार? त्यासाठी तिथे एक यंत्र आहे. ते स्प्रिंगच्या जोरावर माणसाला ठरावीक बलाने ओढतं आणि तो किती त्वरणाने सरकला ते मोजतं. बल माहीत, त्वरण माहीत, की दुसऱ्या नियमाने वस्तुमान मिळालं. नववीत पाठ केलेलं सूत्र आणि पृथ्वीपासून ४०० किलोमीटरवर त्याच सूत्राने होणारी वैद्यकीय तपासणी! परीक्षेत ‘वस्तुमान आणि वजन यांतील फरक लिहा’ हा प्रश्न आला तर हे उदाहरण लिहा, गुण कापायची कुणाची छाती होणार नाही.

वस्तुमान जात नाही याचा अर्थ असाही की तिथली जड पेटी हातात धरून ठेवायला कष्ट नाहीत, पण जोरात येणारी पेटी थांबवायला तितकेच कष्ट आहेत. भिंत आणि पेटी यांच्या मधे बोट सापडलं तर चेंगरेल.

आणि शरीर? आधाराचा रेटा नाही म्हटल्यावर हाडांना आणि पायाच्या स्नायूंना कामच उरत नाही. काम नसेल ते शरीर मोडीत काढतं, म्हणून तिथे रोज दोनेक तास व्यायाम सक्तीचा असतो, तोही पट्ट्यांनी ट्रेडमिलला बांधून घेऊन. रक्त आणि पाणी डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. सुरुवातीच्या चित्रणांत सगळ्यांचे गाल फुगलेले वाटतात ते त्यामुळे.

परत यायचं कसं?

नाक खाली करून पृथ्वीकडे इंजिन लावायचं, असं मुलं सांगतात. खरा मार्ग निराळा आहे: वेग कमी करायचा. यान मागच्या दिशेने रेटा बसेल असं इंजिन चालवतं आणि आडव्या वेगातला एक-दोन टक्का घालवतं. तेवढंच पुरतं. आता दर सेकंदाचं पडणं तेवढंच, पण पुढे जाणं थोडं कमी, म्हणून पृथ्वी पुरेशी वळत नाही आणि यानाचा मार्ग हवेत शिरतो. उरलेला सगळा वेग हवा काढून घेते. यानासमोरची हवा इतक्या वेगाने दाबली जाते की बाहेरच्या कवचाचं तापमान दीड हजार अंशांच्या वर जातं. १५ जुलै २०२५ रोजी शुक्लांचं यान याच रीतीने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरलं. हवेने ब्रेक लावायला सुरुवात केली तेव्हाच आधाराचा रेटा परत आला, आणि शेवटच्या टप्प्यात पॅराशूट.

यानाला ब्रेक इंजिनाने लावला. इंजिन बंद पडलेल्या, वाऱ्यावर सोडलेल्या वस्तूंना विरळ हवा फुकटात ब्रेक लावते, फक्त फार सावकाश. २ एप्रिल २०२२च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात हजारो लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली आणि आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. २०२१च्या फेब्रुवारीत उडालेल्या एका चिनी रॉकेटचा वरचा टप्पा असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. तसं असेल तर तो टप्पा उडाल्या दिवसापासून पडतच होता. जवळजवळ चौदा महिने पृथ्वी त्याच्या खालून निसटत राहिली. दर फेरीत हवेने त्याचा वेग थोडा थोडा कातरला, आणि लाडबोरीच्या आधी कधीतरी तो पृथ्वीच्या वळणाला पुरेनासा झाला.